सम कुठे येते? हार्डवेअर सिक्वेन्सर निवडण्याबद्दल

सिंथेसायझर घेताना माणूस आवाज ऐकतो. फिल्टर फिरवून बघतो, खर्ज किती भरीव लागतो ते तपासतो. सिक्वेन्सर घेताना मात्र बहुतेक जण तक्ता वाचतात: ट्रॅक किती, स्टेप किती, जॅक किती. ते साहजिकही आहे, कारण सिक्वेन्सरला स्वतःचा आवाज नसतो. कोणता सूर कधी, किती वेळ आणि किती जोरात वाजवायचा, एवढंच तो बाकीच्या वाद्यांना सांगतो. पण घरात तीन-चार सिंथेसायझर जमले, की संगीताची बांधणी आवाजांपेक्षा या सांगण्यावरच जास्त ठरते, असं माझं ठाम मत आहे. वाद्यं तीच ठेवून नुसता सिक्वेन्सर बदलला, तरी रचना वेगळ्या वळणाने जायला लागतात. म्हणून तिसरा सिंथेसायझर घेण्याआधी चांगला सिक्वेन्सर घ्यावा, आणि तो तक्त्यावरून न घेता, आपण काळाचे निर्णय कसे घेतो ते ओळखून घ्यावा.

संगणकावर एबलटन लाइव्हसारखं सॉफ्टवेअर असताना वेगळी पेटी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सोयी मोजायला बसलं तर संगणकच पुढे आहे. ट्रॅकला मर्यादा नाही, पडदा मोठा, चूक झाली की मागे जाता येतं. हार्डवेअर घेण्याचं कारण हात हे आहे. एका हाताने फिल्टर उघडताना दुसऱ्या हाताने शेवटच्या चार मात्रा गाळता आल्या, तर ती कृती वादन होते. माउसने तेच केलं तर ते संपादन राहतं. ज्याला संपादनच आवडतं त्याने संगणकावरच राहावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

आजच्या सगळ्या सिक्वेन्सरची मुळं दोन. साठच्या दशकात डॉन बुकला आणि रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेच्या दोन टोकांना मॉड्युलर सिंथेसायझर घडवले, तेव्हाच त्यांत सिक्वेन्सर होते. मूगच्या ९६० मध्ये आठ-आठ नॉबच्या तीन ओळी आहेत. प्रत्येक नॉब एक व्होल्टेज ठरवतो, क्लॉकच्या ठोक्यागणिक यंत्र एक घर, म्हणजे एक स्टेप, पुढे सरकतं आणि आठव्या घरानंतर पहिल्यावर येतं. टँजरिन ड्रीमच्या १९७४ च्या ‘फेड्रा’मध्ये जी धडधडणारी, हळूहळू रंग बदलणारी ओळ ऐकू येते, ती या पद्धतीची देणगी. सूर मोजके आहेत आणि सगळे हाताखाली आहेत, म्हणून वाजता वाजता ते बदलता येतात.

दुसरं मूळ आकड्यांचं. १९७७ साली रोलंडचा एमसी-८ आला. कॅनडाचे राल्फ डाइक यांच्या कल्पनेवर तो बेतला होता. त्यात प्रत्येक स्वराची उंची, पुढच्या स्वरापर्यंतचा अवधी आणि प्रत्यक्ष वाजण्याचा अवधी हे सगळं आकड्यांच्या कळांवरून टंकायचं. काम अतिशय चिकाटीचं, पण त्यातून आठ घरांची कैद सुटली आणि अख्खी रचना लिहिता येऊ लागली. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने या यंत्राचा मनसोक्त उपयोग केला. नॉब फिरवून घडवायचं की आधी लिहून काढायचं, हा स्वभावातला फरक आजही कायम आहे, आणि खरेदीतला पहिला प्रश्न तोच आहे.

या दोन टोकांच्या मधोमध रोलंडचा टीबी-३०३ बसतो, आणि तिथेच आपल्या मुंबईचा एक मोठा धडा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं घेऊन ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभरचे श्रोते थक्क झाले, कारण ज्यापासून अ‍ॅसिड हाउस सुरू झालं असं मानतात ते शिकागोच्या फ्युचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ चं, आणि तो ३०३ चा चिवट, घसरता आवाज मुंबईत पाच वर्षं आधी मुद्रित झालेला. पहिलं कोण, या वादापेक्षा मला त्यातली कामाची वाटणी महत्त्वाची वाटते. ठेका ८०८ कडे. खालची फिरती ओळ ३०३ कडे, आणि तिच्यात प्रत्येक स्टेपला घसरण किंवा आघात देण्याची सोय असल्यामुळे सूर एकमेकांत सरकतात, मींडेचा भास होतो. रागाची बढत मात्र ज्युपिटरच्या पट्ट्यांवर, हाताने. जे आवर्तनात फिरतं ते यंत्राला दिलं आणि जे क्षणाक्षणाला सुचतं ते स्वतःकडे ठेवलं. आपल्याकडे सिक्वेन्सर घेणाऱ्याने ही ध्वनिमुद्रिका एकदा याच कानाने ऐकावी.

आता बाजारात काय आहे ते पाहू. नॉबच्या घराण्यातला सगळ्यात स्वस्त आणि सरळ म्हणजे कोर्गचा एसक्यू-१. दोन ओळी, सोळा नॉब, पेन्सिल सेलवर चालतो, आणि कोर्गच्या १९७८ च्या एसक्यू-१० चं नाव पुढे नेतो. त्याचा एक गुण फार जण लक्षात घेत नाहीत: मूग-रोलंड परंपरेतली वाद्यं सप्तकाला १ व्होल्ट हे गणित पाळतात, तर कोर्ग एमएस-२० सारखी वाद्यं हर्ट्झ-प्रति-व्होल्ट हे वेगळं गणित मागतात. एसक्यू-१ दोन्ही देतो. जर्मनीच्या डोपफरने क्राफ्टवेर्कच्या सहकार्याने केलेला एमएक्यू १६/३ हा याच जातीचा, तीन ओळी आणि सोळा घरांचा. या जातीत स्मरण जवळजवळ नसतं. कालची ओळ आज हवी असेल तर नॉबचा फोटो काढून ठेवायचा. मला हा दोष वाटत नाही, पण गाणी बांधून मैफलीत वाजवणाऱ्याला तो नक्की जाचेल.

त्यापुढची पायरी आर्टुरियाचा बीटस्टेप प्रो. दोन एकस्वरी ओळी, एक सोळा आवाजांचा ड्रम-सिक्वेन्सर, प्रत्येकी ६४ स्टेपपर्यंत, शिवाय सीव्ही (सूर ठरवणारं व्होल्टेज), गेट (सूर सुरू-बंद करणारा संकेत), मिडी (वाद्यांना आकड्यांतून संदेश देणारी जोडणी) आणि जुन्या रोलंड यंत्रांसाठी डिन-सिंक. त्यावर एका वेळी अनेक स्वर म्हणजे कॉर्ड येत नाही, ही त्याची खरी मर्यादा. ती २०२० च्या कीस्टेप प्रोने दूर केली. त्यात चार ट्रॅक, ३७ पट्ट्या आणि एका स्टेपवर अनेक स्वर आहेत. हार्मोनियम किंवा कीबोर्डवर हात बसलेल्या माणसाला पट्ट्या असलेला सिक्वेन्सरच द्यावा. पॅडच्या जाळीवर सूर शोधत बसणं त्याच्यासाठी उगाच शिक्षा आहे.

स्वीडनच्या एलेक्ट्रॉनचा मार्ग वेगळा, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या क्षेत्रावर त्याइतका परिणाम दुसऱ्या कुणाचा झालेला नाही. तिथे प्रत्येक स्टेप फक्त सूर साठवत नाही. त्या स्टेपपुरता फिल्टर किती, गुंजन किती, हेही साठवते. वर अट घालता येते: हा ठोका दर चौथ्या आवर्तनातच वाजव, किंवा अर्ध्या वेळाच वाजव. एकच आवर्तन मिनिटभर फिरूनही कान कंटाळत नाही ते यामुळे. २०१७ च्या डिजिटॅक्टमध्ये आठ आवाजी ट्रॅकच्या जोडीला आठ मिडी ट्रॅक आहेत, त्यामुळे बाहेरचे सिंथेसायझरही त्यावर बांधता येतात. पण हे लक्षात ठेवून घ्यावं, की आधी तो सॅम्पलर आहे. पैशाचा मोठा भाग तुम्ही सॅम्पलरसाठी मोजता.

सलग वाजवून मुद्रित करणाऱ्यांचं घराणं जुनं आहे. १९८७ चा अलेसिस एमएमटी-८ हे त्यातलं माझं सगळ्यात आवडतं यंत्र. आठ ट्रॅक आणि प्रत्येकाला स्वतःची मोठी कळ, दाबली की तो ट्रॅक गप्प. ब्रिटनच्या ऑर्बिटलने त्या आठ कळांवर अख्खे कार्यक्रम उभे केले. पुढच्याच वर्षी रॉजर लिन यांनी घडवलेला अकाईचा एमपीसी६० आला आणि हिपहॉपची लय बदलली. त्याचे आजचे वंशज, एमपीसी वन आणि लाइव्ह २, मिडी आणि सीव्ही दोन्ही देतात.

मोठ्या मांडणीसाठी नावं थोडी आहेत. कॉलिन फ्रेझर यांचा सर्क्लॉन या विषयातल्या जाणत्यांना सर्वोच्च वाटतो, पण तो हातात पडायला लोकांनी दीर्घकाळ वाट पाहिली आहे. फ्रान्सच्या स्क्वार्पचा हापॅक्स सोळा ट्रॅकचे दोन प्रकल्प एकाच वेळी उघडे ठेवतो. एक गाणं वाजत असताना दुसरं तयार करून आत आणता येतं. न्यूझीलंडच्या सिंथस्ट्रॉमचा डेल्यूज १२८ पॅडच्या जाळीवर सिक्वेन्सर, सिंथेसायझर आणि सॅम्पलर तिन्ही देतो, आणि २०२३ मध्ये कंपनीने त्याची आज्ञावली सर्वांना खुली केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कंपनीचं लक्ष उडालं तरी यंत्र जगेल, याची ती हमी आहे. स्पेनचा ऑक्सी वन आकाराने लहान, आत बॅटरी असलेला आणि किमतीच्या मानाने फार काही देणारा. पोलंडच्या पॉलीएंडचा ट्रॅकर आकड्यांच्या घराण्याचा शुद्ध वारस. ज्यांनी पूर्वी संगणकावर ट्रॅकर वापरले त्यांनीच त्याकडे जावं.

डेन्मार्कचा टोर्सो टी-१ ओळ लिहूच देत नाही. आठ घरांत तीन ठोके समान पसर, असं सांगितलं की तो ठेका मांडतो. संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रिड तुसाँ यांनी २००५ च्या सुमारास दाखवलं, की युक्लिडच्या जुन्या विभाजन-पद्धतीने असे ठोके पसरले तर जगातले कितीतरी लोकप्रिय पारंपरिक ठेके मिळतात. हे सुंदर आहे. तरी पहिला सिक्वेन्सर म्हणून मी हा सुचवणार नाही. आपल्याला काय हवं ते आधी स्वतः मांडता आलं पाहिजे.

आता ज्या मुद्द्यावर मराठी वाचकाने सगळ्यात जास्त वेळ घालवावा, त्याकडे येतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सिक्वेन्सर आधीच आलेला आहे: रियाजाला लावायची इलेक्ट्रॉनिक तबल्याची पेटी. बंगळुरूच्या रॅडेलची तालमाला ज्याने वापरली आहे, त्याला ताल निवडणं, लय कमी-जास्त करणं आणि समेची वाट पाहणं वेगळं शिकवावं लागत नाही. पाश्चात्य सिक्वेन्सर मात्र चार-चारच्या चौकटीत वाढले आहेत. सोळा घरांची ओळ तीनतालाला आपोआप जमते, आणि माणूस समजतो की सगळंच जमेल.

हिशेब करून बघा. एका मात्रेला एक स्टेप दिली तर सोळा घरांत झपतालाच्या दहा मात्रा बसतात, पण दुगुन-चौगुन लिहायला जागा राहत नाही. मात्रेला चार स्टेप धरल्या तर झपतालाला ४०, एकतालाला ४८, दीपचंदीला ५६ आणि तीनतालाला बरोबर ६४ स्टेप लागतात. म्हणजे ६४ स्टेपची मर्यादा असलेल्या यंत्रात आपले नेहमीचे ताल चौगुनीपर्यंत मावतात. १६ वर थांबणाऱ्यात मावत नाहीत. तेव्हा तक्त्यात स्टेपचा आकडा वाचायचाच असेल तर तो या कारणासाठी वाचावा.

दुसरी तपासणी: प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते का? रूपकाच्या सात मात्रांची ओळ तीनतालाच्या सोळांवर सोडली तर दोघांची सम ११२ मात्रांनी जुळते. रूपकाची सोळा आवर्तनं, तीनतालाची सात. एवढ्या मोठ्या फेऱ्यात ओळ ठेक्यावर दर वेळी वेगळ्या जागी पडते आणि कान सावध राहतो. वर नावं घेतलेल्या बहुतेक आधुनिक यंत्रांत हे जमतं. खरा फरक त्यापुढे आहे. मध्येच सगळ्यांना समेवर आणायचं असेल तर? एलेक्ट्रॉनमध्ये अमुक स्टेपनंतर सगळे ट्रॅक पहिल्या घरावर आण, असा आकडा देता येतो. काही यंत्रांत त्यासाठी थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं. वादनाच्या मध्यात ते चालत नाही. विकत घेण्याआधी हा प्रश्न विक्रेत्याला विचाराच. त्याला उत्तर माहीत नसेल तर मॅन्युअलमध्ये ‘रीसेट’ हा शब्द शोधा.

लचक हा तिसरा भाग. यंत्रातला स्विंग म्हणजे जोडीतली दुसरी स्टेप थोडी उशिरा वाजवणं. लिन यांच्या पद्धतीत तो ५० ते ७५ टक्के मोजतात. ५० म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास तिश्राचा झोका. हिपहॉपला हे पुरतं. लावणीतल्या ढोलकीला पुरत नाही, कारण तिथे प्रत्येक बोल आपापल्या अंतराने मागे-पुढे सरतो, आणि ते अंतर समेजवळ वेगळं, खालीजवळ वेगळं असतं. असा ठेका हवा असेल तर स्टेप सुटी सुटी सरकवता येणारं, किंवा हाताने वाजवलेलं ओढून चौकटीत न बसवता जसंच्या तसं ठेवणारं यंत्र घ्यावं. इथे एमपीसीचं घराणं आणि एलेक्ट्रॉन पुढे आहेत, नॉबवाले मागे.

सुरांचंही असंच. मिडीचा स्वर म्हणजे पट्टीचा क्रमांक. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार त्या क्रमांकात मावत नाही. मार्ग दोन: स्वराबरोबर पिच-बेंडची हालचाल मुद्रित करणारा सिक्वेन्सर घेणं, किंवा ज्याची पट्टी आपल्याला बदलता येते असा सिंथेसायझर घेणं. २०१७ च्या कोर्ग मोनोलॉगमध्ये स्वतःचं स्वरांतर लिहिता येतं आणि किंमतही आवाक्यातली आहे. सीव्हीवर मधला कुठलाही सूर मिळतो, फक्त क्वांटायझर, म्हणजे सुराला जवळच्या पट्टीवर ओढणारी सोय, बंद करता आला पाहिजे.

केबलबद्दल लोक शेवटी विचार करतात, आणि तिथेच अडकतात. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये मिडी आलं, आणि पाच पिनांच्या त्या केबलचा वेग तेव्हापासून सेकंदाला ३१,२५० बिट एवढाच आहे. एक पूर्ण स्वर-संदेश पोचायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. चार वाद्यं एकाच केबलवर ओवली आणि समेवर बारा स्वर एकदम पडले, तर शेवटचा स्वर दहाएक मिलिसेकंद मागे राहू शकतो. ठेक्याच्या आघातात हे कानाला कळतं. म्हणून चारपेक्षा जास्त वाद्यं असतील तर एकाहून अधिक मिडी आउट असलेला सिक्वेन्सर घ्यावा आणि ड्रम मशीनला स्वतंत्र केबल द्यावी. छोट्या जॅकचा मिडी असेल तर जोडणी ए प्रकारची की बी, हे पाहून अडॅप्टर घ्यावा. २०१८ मध्ये ए हे प्रमाण ठरलं, पण त्याआधीच्या बीटस्टेप प्रोसारख्या यंत्रांत बी आहे. आणखी एक: पाच पिनांच्या मिडीत दोन वाद्यं विजेच्या दृष्टीने अलग राहतात, यूएसबीत राहत नाहीत. घरचं अर्थिंग कच्चं असेल तर यूएसबीने सगळं जोडल्यावर स्पीकरमधून गुणगुण येते.

क्लॉक एकानेच द्यावा. ‘आय फील लव्ह’साठी १९७७ मध्ये म्युनिकला जॉर्जिओ मोरोडर यांच्याबरोबर काम करणाऱ्या रॉबी वेडेल यांनी टेपच्या एका ट्रॅकवर ठोक्याचा संकेतच मुद्रित करून ठेवला होता, म्हणजे नंतर मूग कितीही वेळा वाजवला तरी तो त्याच ठोक्याला बांधलेला राहील. आजचा नियमही तोच. मिडी क्लॉक पाव मात्रेला नाही, पूर्ण मात्रेला २४ ठोके देतो. मिनिटाला १२० च्या लयीत दोन ठोक्यांत जवळपास २१ मिलिसेकंद. यंत्रं त्या अंतरात स्वतः अंदाज बांधतात, आणि क्लॉकच डळमळत असेल तर अंदाजही डळमळतो. संगणक आणि सिक्वेन्सर दोन्ही वापरणार असाल तर क्लॉक सिक्वेन्सरकडे ठेवावा आणि संगणकाला फक्त मुद्रणाचं काम द्यावं.

एकच सिंथेसायझर असणाऱ्याने एसक्यू-१ वर सुरुवात करावी. दोन-तीन वाद्यं असतील तर बीटस्टेप प्रो, जुना मिळाला तरी. पट्ट्यांवर हात असेल तर कीस्टेप प्रो. ठेका आणि सॅम्पल हा ज्याच्या संगीताचा गाभा आहे त्याने डिजिटॅक्ट घ्यावा. पाच-सहा वाद्यांची मांडणी कायमची लागलेली असेल तर हापॅक्स. बजेट कमी पडत असेल तर ऑक्सी वन. सर्क्लॉनसाठी नाव नोंदवून ठेवावं, पण त्याच्या वाटेवर डोळे लावून रचना थांबवू नयेत. यांतल्या बऱ्याच यंत्रांना आपल्याकडे सेवा-केंद्र नाही; परदेशातून मागवताना कुरियर आणि आयातशुल्क आधी विचारा, अडॅप्टरची पोलॅरिटी बघा, आणि जुनं यंत्र घेत असाल तर आतली स्मृती जपणारी बॅटरी बदललेली आहे का ते विचारा. पैसे देण्याआधी मॅन्युअल उतरवून घ्या आणि त्यात तीन गोष्टी शोधा: ट्रॅकची स्वतंत्र लांबी, सगळ्यांना समेवर आणण्याची सोय, आणि वाजत असताना न थांबता पॅटर्न साठवता येतो का. तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर ते यंत्र घ्या.